सोमवार-गुरुवारचा नेम

२६ जून २०२५, गुरुवार. अफजलपूर

आखाड लागला आणि मी माहेरी येऊन पडले. लग्न मे महिन्यातलं. नवऱ्याच्या मोटरसायकलचा आवाज आत्ता कुठे लांबून ओळखू यायला लागला होता, तेवढ्यात आमची रवानगी. नव्या नवरीने पहिल्या आखाडात सासूबरोबर एका उंबऱ्यात राहायचं नाही, आणि नवऱ्याचं तर तोंडही बघायचं नाही. का, ते कुणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, पद्धत हाय.

सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्यांनी माझी बॅग आठवडाभर आधीच भरून ठेवली होती. संतपूरच्या स्टँडवर मला बसमध्ये बसवलं आणि वर म्हणाल्या, "पंचमी करूनच ये. घाई न्हाई कसलीच." त्यांना घाई नसेलही. मला आहे ना! बस हलल्यावर मी खिडकीतून बघितलं तर त्या पाठ फिरवून चालायलाही लागल्या होत्या. लेकाजवळून मला उठवल्याचा आनंदच झाला असणार.

ही डायरी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बियाण्याच्या दुकानातून मिळालेली, कोरी पडली होती. इथे बिनधास्त लिहिता येतं, कारण आईला, आमच्या अव्वाला, कन्नड वाचता येतं पण मराठी अक्षर ओळखत नाही. मी सोलापूरला मावशीकडे राहून मराठी शाळेत शिकले, त्याचा हा फायदा. सासरीही धोका नाही, आत्यांना अक्षरच येत नाही.

तर खरी गोष्ट लिहून टाकते. मी आणि संगमेश्वरने (नाव लिहिलं! तोंडाने अजून घेत नाही) ठरवलंय की दोन वर्षं मूल नको. संतपूरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला ज्वारीच्या कडक भाकरीचा उद्योग काढायचाय. तीन-चार बाया जोडीला घ्यायच्या, बीदरच्या दुकानांना माल द्यायचा. दिवसभर चुलीच्या धगीपुढे उभं राहायचं काम आहे, पोटात बाळ घेऊन ते नव्याने उभं करता येणार नाही. हे दोन वर्षांत जमलं नाही तर मग कधीच जमायचं नाही, मला माहीत आहे. अव्वाच्या हातची भाकरी अख्ख्या गल्लीत नावाजलेली, पण ती तिच्या तव्यावरून कधी पुढे गेली नाही. आम्ही पाच भावंडं एकामागोमाग एक तिच्या पदराला धरून उभी होतो.

आतापर्यंत आमचं भागलं ते निरोधच्या पाकिटावर. तेही संगमेश्वर बीदरहून आणतो. तो बीदरजवळच्या कोळारला कारखान्यात आहे, रोज जाऊन-येऊन. संतपुरात एकच औषधांचं दुकान, बाबूलालचं, आणि बाबूलाल हा आमच्या लग्नात वाढप्या होता. त्याच्याकडे मागणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

कारहुणवीला, जेठी पुनवेच्या बैलांच्या सणाला, तर जीव जायची वेळ आली होती. सगळं घर झाडायला, चुना द्यायला काढलेलं, आणि पाकीट आमच्या खोलीतल्या कोनाड्यात! मला शेतात आठवलं. धावत आले तर कोनाडा रिकामा, वर ओला चुना. शेवटी सापडलं माझ्या ट्रंकेत, पिवळ्या साडीखाली. संगमेश्वरने वेळेवर उचललं म्हणून वाचलो.


३० जून, सोमवार

पहाटे थापट्यांच्या आवाजाने जाग आली. अव्वा भाकरी थापत होती. डोळे न उघडता पडून राहिले आणि मी पुन्हा दहा वर्षांची झाले. सोलापूरहून सुट्टीला आले की हाच आवाज ऐकत लोळत पडायची. पहिली भाकरी फुगली की अव्वा हाक मारायची, "मल्ली, ये ग!" सासरी मला मल्लेश्वरी म्हणतात, पूर्ण नावाने, एखाद्या बँकेत म्हणावं तसं. मल्ली म्हणणारं तिथे कुणी नाही.

संध्याकाळी लहानपणीची मैत्रीण पल्लवी आली, कडेवर लेक. आम्ही दोघी उसाच्या बांधाने भीमेपर्यंत जाऊन आलो. शाळेच्या सुट्टीत इथेच आम्ही वाळूत भाकरी-भाकरी खेळायचो. तेव्हा आमच्या भाकऱ्या विकत घ्यायला एक शेळी यायची. आम्ही हसून हसून बांधावर बसलो.

मग तिला माझं गुपित सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? म्या रोजची गोळी घेतेय की. ह्याला पाच वर्सं भाऊ न्हाई का भैन न्हाई. घे, माझ्याकडं जास्तीचं पाकीट हाय." आणि देऊनही टाकलं. मैत्रीण असावी तर अशी.


५ जुलै, शनिवार

डोकं फुटलं. गोळ्या सुरू करून चार दिवस झाले आणि आज सकाळी डोळ्यांपुढे ते जुनं चमचमणं सुरू झालं, आरशाचे तुकडे उन्हात धरल्यासारखं. मग अर्धं डोकं ठणकायला लागलं. लहानपणी मला हे व्हायचं तेव्हा अव्वा ज्वारीच्या अंधाऱ्या खोलीत पोत्यावर झोपवायची आणि कपाळाला ओलं फडकं बांधायची. आजही तसंच केलं. ज्वारीचा तोच वास होता. बरं वाटलं, पण इतकी मोठी होऊन पुन्हा त्याच पोत्यावर पडले याचं रडूही आलं.

दुपारी संगमेश्वरचा फोन. सगळं सांगितलं. तो चिडलाच.

"दुसऱ्याच्या गोळ्या कामून घ्यायलीस तू? बंद कर आज."

"मग काय करू?"

"डॉक्टरला दाखवू. दोघं जाऊ."

"आखाड चाललाय."

"कलबुर्गीत कुठला आखाड!"

मी पोटभर हसले. मग आठवण झाली म्हणून म्हटलं, "सणादिवशी तुम्ही पाकीट ट्रंकेत ठेवलंत ते बरं केलंत."

"म्या? तूच ठेवलीस की."

"चला! मी शेतात होते."

"मग काय पाकिटाला पाय फुटले?"

थट्टा करायची सवयच आहे त्याला.


१२ जुलै, शनिवार

आजचा दिवस मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही. अव्वाला सांगितलं, सोलापूरच्या मावशीची मैत्रीण कलबुर्गीला आली आहे, भेटून येते. लग्नाच्या नवऱ्याला भेटायला खोटं बोलून निघालेली मीच पहिली असेन. तो बीदरहून रेल्वेने आला. स्टँडवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं. मला बघून त्याने हात वर केला आणि लगेच खाली घेतला, कुणी ओळखीचं असेल म्हणून. कॉलेजात माझं कुणाशी काही नव्हतं. ती हौस आज फिटली.

डॉक्टरीणबाई बोलायला मोकळ्या. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी पल्लवीच्या गोळ्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, "ती काय वाटीभर साखर आहे का शेजारणीकडून उसनी घ्यायला?" डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाल्या की मग ही रोजची गोळी माझ्यासाठी नाहीच, पल्लवीला चालू दे.

मग एकेक समजावलं. तांबी दाखवली. मी घाबरले होते, कारण पल्लवीच्या सासूने सांगितलं होतं की ती पोटात वर चढते आणि काळजाला टोचते. ती तर बोटाच्या पेराएवढी! तसं काही होत नाही, वर्षानुवर्षं चालते, नको वाटली की काढता येते, पण सुरुवातीला अंगावर जास्त जाऊ शकतं. तुझं मन तयार नसेल तर आज नको, म्हणाल्या. सुईही असते, दर तीन महिन्यांनी, पण सोडल्यावर दिवस राहायला कधी कधी बराच काळ जातो, आणि माझ्या डोक्याच्या दुखण्याला त्या सुईचाही सल्ला त्या देणार नव्हत्या. मग आठवड्याची गोळी. तिच्यात हार्मोन नसतात. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेले वार, पुढे एकच वार. वार चुकवायचा नाही. सुरुवातीला पाळी पुढे-मागे होऊ शकते, शंका आली तर तपासून घ्यायचं.

मग त्यांनी संगमेश्वरला विचारलं, "तुला काय वाटतं?" तो कान लाल करून म्हणाला, "हिला तरास न्हाई झाला पायजे. मला पाकीट वापरायला काय अडचण न्हाई." मला त्या क्षणी तो इतका आवडला की खोलीत डॉक्टरीणबाई नसत्या तर काय केलं असतं कोण जाणे. आम्ही आठवड्याची गोळी घ्यायचं ठरवलं.

नंतर तळ्याकाठी बसून भाजलेलं कणीस खाल्लं. तो लहानपणीचं सांगत बसला. "आमच्या अव्वाला लई नेम," म्हणाला. "सोमवार महादेवाचा, गुरुवार मठाचा, श्रावण आख्खा. त्या दिवशी ती देवापुढं सतरंजी टाकून निजायची. मी बारका, तिच्या कुशीत शिरायचो. अप्पा बाहेर ओट्यावर."

"एकटे?"

"एकटेच. अन् त्यांना खोकला लई. रात्रभर खोकायचे. उदगीरच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला छाती साफ हाय. कुणाला कळलंच न्हाई कसला खोकला ते."

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, मी बघितलेलं नाही, ते जाऊन चार वर्षं झाली. पण एकटा माणूस ओट्यावर खोकत पडलाय आणि बायको आत देवापुढे निवांत झोपली आहे, हे ऐकून मला त्यांची कीव आली. आत्या आधीपासूनच कडक असणार. संगमेश्वर आणि त्याच्या थोरल्या बहिणीमध्ये, अक्कामध्ये, आठ वर्षांचं अंतर आहे. एवढे उपास करूनही देवाने लेक द्यायला आठ वर्षं लावली!

निघताना बसच्या खिडकीशी येऊन तो हळूच म्हणाला, "मल्ली, नीट जा." त्याला हे नाव कुणी सांगितलं? अव्वाने फोनवर मारलेली हाक ऐकली असेल.


२१ जुलै, सोमवार

आज पहिली गोळी घेतली. म्हणजे माझे वार सोमवार आणि गुरुवार. लक्षात ठेवायला सोपं.


३० जुलै, बुधवार

काल पंचमी झाली. लिंबाला झोका बांधला होता. लग्न झालेल्या सगळ्या लेकी आलेल्या. पल्लवी आणि मी जोडीने उभ्या राहून एवढा उंच झोका घेतला की उसाच्या पलीकडे भीमेचं पाणी दिसलं. अव्वा खालून ओरडत होती, "मल्ली, पुरे!" तिच्या आवाजात काळजी कमी आणि कौतुक जास्त. पुढच्या पंचमीला मी अशीच हलकी असेन का, की कडेवर कुणी असेल, असा विचार मनात आला. दोन्ही गोड वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

रविवारी सासरी निघायचं. अव्वाने तिची जुनी काटवट, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात, बांधून दिलीय. तळाला अव्वाच्या तळहाताचा खळगा पडला आहे. घेताना मी माझा तळहात त्या खळग्यात ठेवून बघितला.


१४ ऑगस्ट, गुरुवार. संतपूर

शेड साफ झालं, दोन चुली बसल्या, तीन बाया ठरल्या. संगमेश्वर रोज बीदरच्या दुकानांत नमुने देऊन येतो. सोयाबीनच्या कामातूनही आत्या दुपारी शेडमध्ये येऊन उभ्या राहतात. एक शब्द बोलत नाहीत. मग एखादी भाकरी उचलतात, मोडतात, कानाशी नेऊन आवाज ऐकतात आणि जातात. परीक्षा दिल्यासारखं वाटतं.

आज शेजारच्या दानम्मा आल्या. बसल्या बसल्या माझ्या पोटाकडे बघून आत्यांना म्हणाल्या, "काय इशेष, चंद्रम्मा? आखाड झाला, श्रावण चाललाय. पाळणा कवा हालतोय?"

मी तव्यापुढे खाली मान घातली. आत्या ज्वारी पाखडत होत्या, सूप न थांबवता म्हणाल्या, "आमची सून सोमवार-गुरुवार करती. दोन वर्साचा नेम बोललोय. तवर पाळण्याचं नाव काढायचं न्हाई."

मी थक्क. मी कधी सोमवार धरला? सोमवारी तर मी सकाळीच दोन भाकऱ्या हाणल्या होत्या, त्यांच्यासमोर. आणि माझ्या नावावर परस्पर नेम बोलून मोकळ्या! शेजारणीपुढे सून धार्मिक दिसावी म्हणून असेल. संगमेश्वरला सांगितलं तर तो म्हणाला, "बोलू दे की. आपलं तर बरंच झालं." त्याला आईचं सगळंच बरं वाटतं.


२० सप्टेंबर, शनिवार

पाळी लांबली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. भाकऱ्या करपत होत्या, बायांवर ओरडले. आत्यांनी एकदाच विचारलं, "कामून तोंड उतरलंय?" मी काही नाही म्हटलं. तासाभराने त्या संगमेश्वरला सांगताना ऐकू आलं, "हिला बीदरला घिऊन जा. भाकरी म्या बघते."

तपासलं. काही नाही. बाहेर येऊन आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास टाकला. मग मोटरसायकलवर बसलो. मला पल्लवीच्या लेकाचा कडेवरचा भार आठवत होता. नको होतं हे खरं, आणि नाही कळल्यावर आत कुठेतरी रितं वाटलं हेही खरं. भालकीच्या फाट्यावर त्याने गाडी थांबवून चहा घेतला आणि म्हणाला, "येईल की. आपण बोलवू तवा." मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं.

घरी आले तर शेडमध्ये आत्या चुलीपुढे, घामाने भिजलेल्या, आणि भाकऱ्यांची चळत माझ्यापेक्षा सरस. माझ्या तोंडाकडे बघितलं, फक्त मान हलवली आणि काटवट माझ्याकडे सरकवली.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीचा माल. सकाळपासून पाठ टेकायला वेळ नाही. बीदरच्या दोन दुकानांनी वाढवून मागितलाय, त्यात एक बाई आजारी. संध्याकाळी जेवायलाही उभ्या उभ्याच बसले, म्हणजे बसलेच नाही. शेवटचं पोतं शिवून ओसरीवर येऊन टेकले तेवढ्यात आत्या आल्या. हातात पाण्याचा तांब्या.

"आज गुरुवार," म्हणाल्या. "नेम चुकलीस."

मी दमलेली, वैतागून म्हटलं, "आत्या, मी कुठं उपास करते?"

"उपास म्या करते. तू तुझा नेम कर. ट्रंकेतला."

त्या शेजारी बसल्या आणि तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"कारहुणवीपासून. कोनाड्यात ठेवतंय का कुणी असलं? चुना द्यायला दानम्मा आलती. तिच्या हाताला लागलं असतं म्हंजे? म्या उचललं अन् तुझ्या पिवळ्या साडीखाली घातलं. मग माहेराहून आलीस तर दर सोमवारी, गुरुवारी तू ट्रंक उघडायलीस. म्या समजले. दोन वर्सं म्या आपली अंदाजानंच बोलले."

मला लाजेने मान वर करवेना. त्यांनी माझ्या नावावर नेम का बोलला, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

अंगणाकडे बघत त्या बोलल्या, एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"अक्का झाली तवा मी मरता मरता वाचले. सासूला लगेच पोरगा पायजे होता. मला ठाव होतं, लगेच राहिलं तर मी जगत न्हाई. कुणाला सांगू? म्या सोमवार धरला. देवापुढं निजायचं. मग गुरुवार धरला, मग श्रावण. देवाचं नाव घेतलं की घर गप बसतंय. तरी मधी एक राहिलं, अन् गेलं. देवाला तरी किती राखण करायला लावावं?" मग म्हणाल्या, "आखाड बी कुण्या बाईनंच काढला असंल बघ. तुला माहेरी धाडलं तवा वाटलं, चार दीस तरी पोरीला उसंत."

आणि मी बसच्या खिडकीतून त्यांच्या पाठीकडे बघून काय काय लिहून ठेवलंय या डायरीत!

"आणि मामा?" मी विचारलं. "ते ओट्यावर खोकायचे ना?"

आत्या हसल्या. खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून. "खोकला कुठला! जागा हाय म्हणून सांगायचे मला. शहाणा माणूस, एका शब्दानं कधी नेम मोड म्हणले न्हाईत. नुसतं खोकायचे. पोरगं कुशीत, म्या अंधारात हसायची. लई मन व्हायचं उठून जावं."

"मग आता कशाला निजता देवापुढे? आता तर..." मी पुढचं गिळलं.

"आता खोकला ऐकू येतंय का बघते," त्या म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला, तो भाजलेला, पिठाने खरखरीत झालेला हात. डोळे दोघींचे भरले होते. मी ट्रंकेतून गोळी आणली आणि त्यांच्या समोरच त्यांच्या तांब्यातल्या पाण्याने घेतली. पुढच्या आठवड्यापासून मला एकच वार, सोमवार. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं. गुरुवार माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि सतरंजी झटकली. मीही मागोमाग गेले आणि म्हटलं, "आज मी तुमच्याजवळ निजते."

तेवढ्यात आमच्या खोलीतून संगमेश्वर खोकला. दोनदा, मुद्दाम, माझी वाट बघून कंटाळलेला. आत्यांचा सतरंजीवरचा हात जागीच थांबला. त्या तशाच कान देऊन उभ्या राहिल्या, तिसऱ्यांदा खोकला येईपर्यंत.

"बापावर गेलंय," हळूच म्हणाल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून मला दाराकडे ढकललं. "जा मल्ली. तुला देवापुढं निजायचं काम न्हाई."